बरडाची साल

ताणाच्या दिवसांत संत्र्याचं झाड आराम करतं आणि प्रकाशराव करत नाहीत, हीच त्या घराची खरी अडचण होती.

पौषात पाणी तोडलं की झाडं मलूल होतात, पानं वळायला लागतात, आणि त्या तहानेतूनच पुढं आंबिया बहाराचं फूल फुटतं. तोवर माणसानं काही करायचं नसतं. जयवंताबाईंना ते बरोबर जमायचं. ओट्यावर उन्हाला पाठ देऊन तुरीच्या शेंगा सोलत बसायचं, मोबाइलवर ऋतुजाताईंचं कीर्तन लावायचं, आणि गौळण आली की सोलता सोलता मान डोलवायची. ऋतुजाताई तिकडच्या, वर्ध्याकडच्या. वय कोवळं, पण गळा असा की मृदंगावर थाप पडायच्या आधीच ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. देवानं माणसाला दोन हात दिले ते टाळ्या वाजवायला, असं जयवंताबाईंचं साधं मत. प्रकाशरावांच्या मते ते फवारणीचा पंप मारायला दिलेले होते.

त्या सकाळी शेंगांचं सूप अर्धं झालं आणि वरून पंपाचा आवाज आला. बागेतून नाही. बागेच्याही वरून, बरडावरून.

मोहगावच्या रस्त्याला लागून त्यांची बाग उतारावर होती, आणि बागेच्या डोक्यावर होतं हे बरड. मुरमाड, गोटाळ जमीन. चार पळस, जिथं तिथं कुसळीचे झुबके, बाकी उघडं. पण उघडं म्हणायचं ते लांबून. जवळ गेलं की दिसायचं, सगळ्या जमिनीला काळी, खरबरीत, कुरकुरीत खपली धरलेली. तव्याला चिकटून राहिलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. जयवंताबाईंचे सासरे, बापूजी, तिला बरडाची साल म्हणायचे. हयात होते तोवर त्यांनी तिथं वखर घातला नाही, आणि कडक उन्हाळ्यात शेळ्या तिकडं वळल्या तर काठी घेऊन स्वतः धावायचे. का, ते त्यांनी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

जयवंताबाई धापा टाकत वर चढल्या. प्रकाशराव पाठीवर पंप घेऊन, तोंडाला दुपट्टा बांधून, जमिनीवर निळं पाणी मारत होते. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो. खोडांना लावायचं ते.

"हे काय करून राहिले तुमी?"

"दिसून नाही राहिलं? औषध मारून राहिलो."

"गोट्याईले?"

"बुरशी हाय ते. काळी बुरशी." प्रकाशरावांनी दुपट्टा खाली ओढला. "इथूनच उतरते खाली बागेत. वरच्या ओळीतलेच दोन झाडं काऊन गेले मागच्या साली? सांग."

मागच्या वर्षी वरच्या ओळीतल्या दोन झाडांना डिंक्या लागला होता. खोडाची साल तडकून डिंक गळायला लागला, आणि फळांनी लगडलेली झाडं उभ्या उभ्या वाळली. तेव्हापासून प्रकाशरावांना झोपेतही डिंक दिसत होता.

"बापूजी होते तवाबी हे काळं होतंच ना इथं. तवा नाही गेले झाडं."

"तवा डिंक्याच नव्हता."

जयवंताबाईंनी कमरेवर हात ठेवला, आभाळाकडं पाहिलं, आणि तिथूनही काही मदत येत नाही असं पाहून खाली उतरल्या.

संध्याकाळी सून आली. दामिनी सौंसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. मुलगा मंगेश बोरगावच्या कंपनीत पाळीवर. घरी असला की झोपलेला. म्हणून घरातलं जे काही भांडण असेल ते दामिनीच्याच पुढ्यात येऊन पडायचं. तिनं स्कूटर लावली, ऐकून घेतलं आणि चहा न घेताच लोटाभर पाणी घेऊन निघाली.

"मामाजी, चला बरं वर. एक गंमत दाखवते."

बरडाच्या वरच्या कोपऱ्यात, पळसाखाली, बोर्डो पुरलं नव्हतं. तिथली साल अजून काळीच होती. दामिनी उकिडवी बसली आणि हाताच्या ओंजळीतून तिनं हळूहळू पाणी सोडलं.

प्रकाशराव, जयवंताबाई आणि दामिनी, तिघं वाकून पाहत राहिली. आधी नुसती ओल. मग त्या काळ्या खपलीचे दुमडलेले काठ जरा उघडले. मग काळ्यात कुठंतरी शेवाळी रंग आला आणि बघता बघता वीतभर जागा हिरवी झाली. पौषात, त्या भाजलेल्या मुरमावर, हिरवी. मातीचा वास आला, तो निराळाच.

"अगं माय," जयवंताबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

"हे मेलेलं नाही, मामाजी. झोपलेलं हाय," दामिनी म्हणाली. "बारीक बारीक शेवाळ, त्याचे धागे असतात. डोळ्यानं दिसत नाहीत, पण मातीचा कण न् कण शिवून ठेवतात. वाऱ्यानं उडू देत नाहीत. पाणी पडलं त मुरू देतात. डिंक्याची बुरशी वेगळी. ती ओल्या खोडाले लागते, याचा अन् तिचा काही संबंध नाही."

प्रकाशरावांनी हिरव्या तुकड्याला चपलेच्या टोकानं टोचून पाहिलं.

"मतलब जिवंत हाय म्हणते ना तू?"

"हो!"

"मंग? जिवंत हाय म्हणूनच त मारून राहिलो. मेलेल्याले कोण औषध मारते?"

दामिनीनं सासूकडं पाहिलं. सासूनं सुनेकडं पाहिलं. लोटा रिकामा झाला होता.

पुढच्या मंगळवारी जयवंताबाई मोहगावला देवाला गेल्या आणि परत येईतो जे व्हायचं ते होऊन गेलं. दीर राजू ट्रॅक्टर घेऊन आला होता. रोटाव्हेटर लावून त्यानं सगळं बरड भुसभुशीत करून टाकलं. लाल, सपाट, गुळगुळीत. जणू कोणी जनावर सोलून ठेवलं होतं. फक्त वरचा पळसाचा कोपरा राहिला, तोही दयेनं नाही.

"तिथं लय गोटे हायेत, वहिनी," राजू म्हणाला. "दादाले म्हटलं, माह्या पाती तुटतीन. नाही त तेबी केलं असतं."

"उपकार झाले, भाऊजी."

"कसं मैदान निंगालं पाहा ना! क्रिकेट खेळा."

प्रकाशराव मैदानाच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून जयवंताबाईंनी डोक्याचा पदर पुढं ओढला. रागात असल्या की त्यांना तोंड झाकून घ्यायची सवय होती, म्हणजे निदान शब्द तरी अडायचे.

माघात पाणी सोडलं, आणि बाग फुलली. रात्रीत शेंड्याशेंड्याला पांढऱ्या कळ्या फुटल्या. वासानं बांधावरून जाणारा माणूस थबकायचा. जयवंताबाई पहाटे बागेत जाऊन नुसत्या उभ्या राहायच्या. देवाच्या अंगाला असाच वास येत असेल, असं त्यांना दरवर्षी वाटायचं.

मग वारं सुटलं.

ते दरवर्षीच सुटायचं. पण दरवर्षी त्याच्या हाती काही लागत नव्हतं. या वर्षी बरडावरून ते लाल धूळ उचलून घेऊन येऊ लागलं. दुपारी उतारावर भोवरे उठायचे आणि बागेत शिरून विरघळायचे. पानांवर लाल थर, कळ्यांवर लाल थर. तुळशीवर, वाळत घातलेल्या पातळांवर, पाण्याच्या माठावर. भाकरी चावली की दातांखाली कचकच. प्रकाशरावांनी एकदा घास थांबवून जिभेवरचा खडा बोटानं काढला, पाहिला आणि ताटाच्या कडेला ठेवला. जयवंताबाईंनी त्या खड्याकडं इतका वेळ पाहिलं की त्यांनी तो उचलून बाहेर टाकला.

धुळीमागून कोळी आला. पानं उलटी केली की बारीक लाल ठिपके चालताना दिसायचे, आणि पानाचा रंग राखेसारखा. धुळीच्या पानावर कोळी माजतो, हे बागवाल्यांना सांगावं लागत नाही. मग सुरू झालं धुणं. प्रकाशरावांच्या पाठीवर पंप, जयवंताबाईंच्या हाती पाइप. औषध नाही, नुसतं पाणी. फूल असताना औषध कसं मारणार? झाडामागून झाड. पाण्याचा जोर जास्त झाला की फूल गळायचं, कमी झाला की धूळ निघायची नाही. जयवंताबाईंच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या, पाठ उन्हात भाजलेली, पायांत लाल चिखल. एक ओळ धुऊन मागं वळावं, तर पहिल्या झाडावर पुन्हा थर.

"अहो, हे त समुद्र उपसल्यावानी झालं."

"वारं कमी होईन."

"वाऱ्याचा काय दोष?"

"मी कुठं दोष देऊन राहिलो? कमी होईन म्हटलं."

माफ करा, चुकलं, हे शब्द प्रकाशरावांच्या तोंडात कधी बसलेच नव्हते. जयवंताबाईंनी त्यांची वाट बघणं लग्नानंतर पहिल्याच वर्षी सोडलं होतं. पण या वर्षी पाइप धरून धरून बोटं आखडली की वाटायचं, देवा, एकदा. नुसतं एकदा.

तरी फळ धरलं. दरवर्षीइतकं नाही, पण धरलं. बोराएवढी हिरवी फळं पानाआड दिसायला लागली, आणि दोघांनाही जरा दम आला.

होळीच्या पुढंमागं एक दिवस संध्याकाळी अवकाळी आलं. फार नाही, चुलीवर वरण शिजेल इतका वेळ. पण जे पडलं ते सरळ, ठोकून पडलं. आधी असं पाणी बरडावर पडलं की जागच्या जागी जिरायचं. फार तर एखादी ओघळ. या वेळी त्या भुसभुशीत मातीचा क्षणात लगदा झाला, वरून बंद झाला, आणि पाणी निघालं. लाल, घट्ट पाणी, उतारानं, थेट बागेत.

उजाडल्यावर वरच्या ओळी पाहून जयवंताबाई खालीच बसल्या. झाडांची आळी चिखलानं भरून वर ओसंडली होती. खोडं कलमाच्या डोळ्याच्याही वर मातीत बुडाली होती. संत्र्याचा डोळा, म्हणजे कलम जिथं जोडलेलं असतं तो सांधा, मातीबाहेर राहिला पाहिजे. तिथं ओली माती टेकली की साल कुजते, आणि कुजली की डिंक्या. ज्याच्या भीतीनं बरड सोललं, त्याच डिंक्याला या माणसानं घरी बोलावून पाट मांडला होता.

प्रकाशराव शेजारी येऊन उभे राहिले. वाकून एका खोडाभोवतीचा चिखल बोटानं चाचपला. मग म्हणाले, "पावडा नको. खोडाले लागीन. हातानं काढा लागीन."

ते हातानंच काढलं. वरच्या सगळ्या ओळी. गुडघ्यांवर बसून, बोटांनी खोडाभोवतीची माती ओरपायची, घमेल्यात भरायची, ओढत नेऊन शेताच्या धुऱ्यापलीकडं, बांधाबाहेर टाकायची. खोड चिंधीनं पुसायचं, सालीवर नाक टेकवून वास घ्यायचा; आंबूस आला तर खरवडून मलम. जयवंताबाईंच्या नखांत लाल माती अशी भरली की घासूनही निघेना. रात्री गुडघे सुजून यायचे. दामिनी शाळेतून आली की पदर खोचून उतरायची, राजू यायचा, मंगेश पाळी संपवून झोपेच्या डोळ्यांनी घमेली ओढायचा. प्रकाशराव सगळ्यांच्या आधी यायचे आणि शेवटी जायचे. पण बोलायचे नाहीत. आणि जयवंताबाईंना त्यांच्या बोलण्यापेक्षा हे न बोलणं जास्त चीड आणायचं.

खोडं मोकळी झाली. काही झाडांना डिंक आलाच. बाकीची वाचतील की नाही, हे मृगानंतरच कळणार होतं.

"पण वरचं तसंच राहिलं त पुन्हा हेच," दामिनी एकदा हात धुताना म्हणाली. मग सासूला घेऊन बरडावर गेली. पळसाच्या कोपऱ्यातली साल पावसानं जागी होऊन पुन्हा काळी पडली होती. पण तिच्या खालच्या अंगाला, राजूनं उकरलेल्या मातीवर, दुधावरच्या सायीसारखं काहीतरी पातळ धरलं होतं. बोट लावलं असतं तर फुटलं असतं.

"इथून पसरून राहिलं, आई. कोणी पाय नाही ठेवला त पसरीन."

"कधी होईन पहिल्यासारखं?"

"वर्षं लागतात."

"आपुन काय करायचं?"

"काहीच नाही. नुसतं राहू द्यायचं."

जयवंताबाईंनी दीर्घ श्वास सोडला. औषध असतं, खत असतं, तर प्रकाशरावांनी रात्रंदिवस केलं असतं. काहीच करायचं नाही, हे त्यांना कोण शिकवणार?

पाडव्याला सप्ताह बसायचा होता. त्याच्या चार दिवस आधी भूपेंद्र आला. तरुण पोरगा, सप्ताह कमिटीचा अध्यक्ष, कायम घाईत. चपला न काढताच ओट्याच्या पायरीवर बसला.

"काकू, पेढे काढा. ऋतुजाताई येऊन राहिल्या आपल्या गावात!"

जयवंताबाईंच्या हातातलं सूप कलंडलं. "कोण म्हणते?"

"तारीख भेटली. काल्याचं कीर्तन त्याईचं. लोधीखेडा, पांढुर्णा, सगळीकडून लोक येतीन. मंदिराच्या अंगणात नाही मावत. म्हणून काकाजीसंग बोललो, तुमचं बरड. कसं सपाट झालं! मंडप तिथंच टाकतो. काकाजी हो म्हणाले."

जयवंताबाईंनी आत पाहिलं. प्रकाशराव खाटेवर बसून टोपीची घडी घालत होते. घडी घालून झाली होती, तरी घालत होते.

"हो म्हटलं तुमी?"

"देवाचं काम हाय. नाही कसं म्हनू?" मग जरा हळू, "अन् पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं की प्रकाशराव, जागा चांगली केली."

किती वर्षं जयवंताबाईंनी कमिटीच्या मागं लागून काढली होती, ऋतुजाताईंना बोलवा म्हणून. आणि आता त्या येणार, त्यांचे पाय आपल्याच जमिनीला लागणार. डोळ्यांपुढं मंडप उभा राहिला, पताका, वीणा, मृदंगाची थाप, हजार लोकांच्या टाळ्या. आणि त्या हजार लोकांचे पाय. दोन हजार पाय, त्या सायीवर. मग पुढचा पाऊस, आणि पुन्हा गुडघ्यांवर बसून खोडाखोडाशी नखं झिजवणं. या वेळी झाडं वाचणार नव्हती.

"नाही जमणार, भूपेंद्र."

"काय?"

"बरडावर नाही. मंदिरातच करा. लागन त रस्त्यावर करा. मी येईन, भांडे घासीन, पाणी भरीन. पण बरडावर पाय नाही ठेवू देणार."

भूपेंद्र हसला, मग हसायचं थांबला. "काकू, तुमी नाही म्हणून राहिल्या? कीर्तनाले? तुमी?"

"हो बाप्पा, मीच."

"काही पेरलं का तिथं?"

"नाही."

"मंग?"

आता काय सांगावं? साय धरली म्हणून? जयवंताबाईंनी सांगून पाहिलं. धागे, माती, पाणी. स्वतःच्याच कानाला ते वेडगळ लागलं. भूपेंद्र ऐकत होता आणि पायरीवर चपलेचं टोक घासत होता.

"म्हणजे शेवाळासाठी," तो उठत म्हणाला. "बरं हाय. सांगतो कमिटीत. जयवंताकाकूनं शेवाळासाठी देवाले जागा नाही देली."

तो गेल्यावर प्रकाशराव म्हणाले, "तू माही इज्जत घालवली."

"अन् तुमी माह्यी पाठ घालवली. चला, जेवाले बसा."

सप्ताह मंदिरातच बसला. दरवर्षी काल्याच्या आधीची गौळण बायकांत जयवंताबाई धरायच्या. या वर्षी ती गावातल्याच वृषालीला दिली गेली. कोणी येऊन सांगितलं नाही. वृषालीनं सुरुवात केली तेव्हाच कळलं. जयवंताबाई शेवटच्या रांगेत, पाण्याच्या टाकीला टेकून बसल्या होत्या, एका मांडीवर दुसरा गुडघा चढवून, कारण जागाच तेवढी.

"पुढं या ना, काकू," कोणीतरी बाई म्हणाली. "हाय इथं थोडीशी जागा. तुमच्या बरडाएवढी नाही, पण हाय."

पदराआडून चार-पाच जणी हसल्या.

ऋतुजाताई उभ्या राहिल्या. मोबाइलमध्ये दिसायच्या त्यापेक्षा बारीक, पण गळा तोच. पहिला आलाप निघाला आणि अंगण गप्प झालं. मग त्यांनी दाटीवाटीनं उभ्या टाळकऱ्यांकडं पाहून हात जोडले. "मायबापहो, जरा सरकून घ्या. यांना कोपर हलवायला जागा नाही. देव आला तर त्याला उभं कुठं करता?"

सगळे हसले. बऱ्याच माना मागं, टाकीकडं वळल्या. जयवंताबाईंच्या कानशिलांतून वाफ निघाली. उठून जावं असं वाटलं. पण तेवढ्यात मृदंगावर थाप पडली, चाल उचलली गेली, आणि त्यांचे हात, नखांत लाल माती असलेले ते हात, त्यांना न विचारताच टाळ्या वाजवू लागले. रुसायचं ते माणसांवर. गळ्यावर कसं रुसणार?

काल्याचा प्रसंग रंगात आला होता. गोपाळ शिदोऱ्या सोडत होते, हंडी बांधली होती, लोक उठून उभे राहत होते. आता ती फुटणार. याच क्षणासाठी जयवंताबाई आठवडाभर जीव धरून बसल्या होत्या. आणि मागून राजूचा हात खांद्याला लागला.

"वहिनी, दादा बरडावर भांडून राहिला."

"कोणासंग?"

"गाड्यावाल्याईसंग. इथं जागा नाही, त सगळ्या गाड्या तिकडं वळल्या. लय चिडला थो. कोणी मारंल त्याले."

जयवंताबाईंनी हंडीकडं एकदा पाहिलं. मग उठल्या. माणसांच्या पायांतून वाट काढत, "सरका, सरका वो," म्हणत बाहेर पडल्या. त्या फाटकातून निघाल्या तेव्हा मागं हंडी फुटली आणि एकच जयजयकार उठला. त्यांनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडूच आलं असतं.

"एक दिवस," त्या राजूला म्हणाल्या. "एक दिवस सुखानं बसू नाही देत हा माणूस."

बरडाच्या वरच्या तोंडाशी पिकअप, ऑटो, मोटारसायकली अशा रांगेनं लागल्या होत्या. त्यांच्यापुढं प्रकाशराव. पांढरं धोतर, टोपी, कपाळाला बुक्का, दोन्ही हात पसरलेले. आवाज बसला होता, तरी ओरडत होते.

"नाही म्हणजे नाही! गाडी मांगं घे!"

"अहो काका, पडीक जमीन हाय. काय बिघडते?" एक पिकअपवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला.

"पडीक नाही थे. साल हाय. जिवंत हाय."

"कोण जिवंत हाय?"

"जमीन! धागे असते तिच्यात. बारीक. तुले नाही दिसणार. कण न् कण शिवून ठेवते थे, समझलं? तुह्या चाकानं तुटते, मंग वारं आलं की माती बागेत, पाणी आलं की माती बागेत. हातानं काढली आम्ही, हातानं! माह्या बायकोचे गुडघे मंदिरात जाऊन पाहून ये, कसे झाले त."

जयवंताबाई धुऱ्यावर जागीच थांबल्या. पौषातल्या त्या संध्याकाळी हा माणूस चपलेनं हिरवं टोचत उभा होता. आणि शब्द न् शब्द ऐकत होता. कोणाला पत्ता लागू दिला नाही. अशा माणसाचं करायचं तरी काय?

पिकअपवाल्यानं कपाळावर हात मारून गाडी मागं घेतली. त्याच्यामागून ऑटो वळला. एकेक गाडी रस्त्याच्या कडेला लागू लागली. प्रकाशराव चेव येऊन दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं नाचत होते. "हां, तिकडं! अजून मांगं!"

तेव्हा जयवंताबाईंचं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. सगळीकडून दिसावं म्हणून प्रकाशराव उंचावर उभे होते. पळसाच्या कोपऱ्यात. बरडावर सालीचा जो एवढासा तुकडा जिवंत राहिला होता, नेमका त्याच्यावर, सप्ताहासाठी घेतलेल्या नव्या जोड्यानिशी. पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज होत होता.

"अहो! अहो, पाय!"

"काय झालं?"

"पाय पाहा तुमचे! कुठी उभे हा तुमी?"

प्रकाशरावांनी खाली पाहिलं. जोड्याभोवती काळ्या खपलीचे तुकडे उलटे पडले होते, खालची लाल माती उघडी पडली होती. त्यांनी दचकून उजवा पाय उचलला. तो टेकवायला पुढं नेला, तिथंही साल. बाजूला नेला, तिथं ती नवी साय. मागं नेला आणि तोल जाऊन हात हवेत फिरवले. धोतराचा सोगा सुटला. गाडीवाले पाहत होते.

"मंग ठेवू कुठी?"

इतक्या वर्षांत पाय ठेवायच्या आधी त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"थो गोटा हाय ना डाव्या अंगाले," जयवंताबाई म्हणाल्या. "त्याच्यावर. हळू. आता दुसरा. हां."

प्रकाशराव गोट्यावर चढले. गोटा लहान, दोन्ही पाय मावेनात, म्हणून एक पाय दुसऱ्यावर ठेवून, पळसाची फांदी धरून उभे राहिले. रस्त्यावरून अजून एक मोटारसायकल वळत होती. त्यांनी फांदी न सोडता दुसरा हात आडवा केला.

"असं किती वेळ उभं राहू?"

"दामिनी त वर्सं म्हणते."

प्रकाशरावांनी टोपी सरळ केली आणि मोटारसायकलवाल्याला ओरडून मागं फिरवलं.